अंधारातला हिरो आणि आमच्या गल्लीतला नळ

परवा रात्री आमच्या गल्लीचा पाण्याचा नंबर होता. नंबर म्हणजे काय, हे मुकुंदवाडीच्या, सिडकोच्या, गारखेड्याच्या माणसाला सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. पाणी रोज येत नाही, आठवड्यात कधीतरी येतं. येतं ते बहुतेक रात्री-अपरात्री येतं, आणि ते येईपर्यंत घरातल्या एकाने जागं राहायचं असतं. आमच्या घरात ती ड्युटी माझी. ड्रम रांगेत लावले, तोटीला पाईप बसवला आणि पायरीवर मोबाईल घेऊन बसलो.

पोरगं अकरावीला आहे. तेही येऊन शेजारी बसलं. त्याच्या मोबाईलवर बॅटमॅन चालू होता. थोड्या वेळाने म्हणतो, "पप्पा, आपल्याकडं असलं काही होतच नाही. आपला सुपरहिरो गाणं म्हणतो, आईला मिठी मारतो आणि उडतो. डार्क काही नाही."

मी म्हणालो, "अरे, रात्री साडेबाराला रिकाम्या ड्रमजवळ बसलायस. डार्क म्हणजे आणखी काय पाहिजे?"

तो हसला. पण प्रश्न डोक्यात राहिला. म्हणून हे लिहितोय. लांब आहे. तुमच्याकडं पाणी यायला वेळ असेल तर निवांत वाचा.

आधी पोराच्या बाजूने बोलतो, कारण त्याचं सगळंच चूक नाही.

बॅटमॅन पहिल्यांदा आला १९३९ साली, अमेरिकेतल्या एका चित्रकथांच्या मासिकात. बॉब केन आणि बिल फिंगर या दोघांनी तो घडवला. त्याच्या आदल्या वर्षी सुपरमॅन आलेला होता. सुपरमॅन दिवसाउजेडी उडणारा, हसतमुख. बॅटमॅन रात्रीचा, आई-बापाचा खून डोळ्यांसमोर पाहिलेला, आणि त्याच्याजवळ अंगची अशी कुठलीच जादूची शक्ती नाही. पुढं पडद्यावर त्याचे बरेच अवतार झाले, काही अगदी पोरकट. त्याला खऱ्या अर्थाने काळोखात नेलं ते ख्रिस्तोफर नोलनने. २००५ साली 'बॅटमॅन बिगिन्स' आणि २००८ साली 'द डार्क नाइट'.

'द डार्क नाइट'मधला हीथ लेजरचा जोकर मी कितीतरी वेळा पाहिलाय. त्यात एक गोष्ट मला दर वेळी पकडते. हा माणूस आपल्या तोंडावरच्या व्रणांची गोष्ट एकदा एक सांगतो, दुसऱ्यांदा दुसरीच सांगतो. दोन्ही वेळा आपण विश्वास ठेवायला तयार होतो. म्हणजे त्याचं दुःख खरं की खोटं, हेच आपल्याला कळू देत नाही. ओठांवरून सारखी जीभ फिरवणं, खांदे पाडून चालणं, मध्येच आवाज बदलणं, हे सगळं तो असं करतो की हा नट आहे हे आपण विसरतो. लेजर जानेवारी २००८ मध्ये गेला, जेमतेम २८ वर्षांचा. सिनेमा जुलैमध्ये आला. पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं.

त्याच्या कौतुकात ख्रिश्चन बेल मात्र झाकला गेला. बॅटमॅनच्या मुखवट्यात नटाला वापरायला फक्त जबडा आणि आवाज उरतो. म्हणून बेलचं खरं काम मुखवटा काढल्यावर बघायचं. पैसेवाला, बेफिकीर, थोडा उथळ ब्रूस वेन तो रंगवतो, आणि तो उथळपणाही मुखवटाच आहे हे आपल्याला जाणवत राहतं. एका माणसाचे दोन मुखवटे, आणि खरा चेहरा कुठलाच नाही. हे सोपं नाही.

पण एक गोष्ट पोराला तिथंच सांगितली. बॅटमॅनची खरी शक्ती काय? पैसा. गाडी, पोशाख, गुहा, नोकर, सगळं त्या पैशातून येतं. त्या गॉथम शहरात नळाला पाणी नाही आलं, तर ब्रूस वेनच्या वाड्यात काहीच फरक पडणार नाही. त्याचा अंधार मनातला आहे. आपल्याकडं अंधार गल्लीतून सुरू होतो.

आता आपल्याकडचं.

कायद्याच्या बाहेर राहून न्याय करणारा माणूस आपल्या लोकांना नवा नाही. उमाजी नाईकांना इंग्रजांनी १८३२ साली पुण्यात फाशी दिली. सरकारदरबारी ते दरोडेखोर, गावोगावच्या लोकांच्या तोंडी राजे. ज्याला सरकार गुन्हेगार म्हणतं आणि लोक आपला म्हणतात, असा माणूस ही काळ्या नायकाची पहिली अट आहे. ती आपल्याकडं बॅटमॅनच्या शंभर वर्षं आधी पूर्ण झाली होती.

सिनेमात म्हणाल, तर मूकपटाच्या काळात मास्टर विठ्ठल हा मराठी माणूस तलवारबाजीच्या चित्रपटांचा राजा होता. १९३१ सालच्या 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाचा नायकही तोच. पण तो उघड्या तोंडाने लढायचा. मुखवट्याची गंमत मराठीत खरी रुजवली ती पुस्तकांनी, आणि त्यात सगळ्यात मोठं नाव बाबूराव अर्नाळकर.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. काळापहाड, झुंजार, धनंजय ही त्यांची माणसं. त्यातले काळापहाड आणि झुंजार पोलिसांच्या दोन पावलं पुढं राहून, कायद्याला बगल देऊन बदमाशांचा हिशेब करायचे. आमचे वडील जास्त शिकलेले नव्हते, पण भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानातून काळापहाड आणायचे. कंदील कमी करायचा नाही म्हणून आजीची बोलणी खायचे. ते सांगायचे, "साहेबाला कोणी काही बोलू शकत नव्हतं बघ. काळापहाड बोलायचा."

हे वाक्य मला फार उशिरा कळलं. वडील त्या पुस्तकांत मारामारी वाचत नव्हते. जे स्वतःला बोलता येत नाही, ते बोलणारा कोणीतरी वाचत होते.

आणि मग २००५ साल येतं.

योगायोग बघा. ज्या वर्षी नोलनचा 'बॅटमॅन बिगिन्स' आला, त्याच वर्षी मराठीत 'डोंबिवली फास्ट' आला. दिग्दर्शक निशिकांत कामत. माधव आपटे नावाचा बँकेतला कारकून. रोज तीच लोकल, तीच गर्दी, तेच टेबल, तीच परतीची गाडी. सिनेमाच्या सुरुवातीला त्याचा दिवस पुन्हा पुन्हा येतो, आणि चौथ्या-पाचव्या वेळी आपल्यालाच गुदमरल्यासारखं होतं. हा माणूस नियमाने चालणारा. लाच देणार नाही, घेणार नाही. बायकोलासुद्धा त्याचं हे वागणं अवघड झालेलं. आणि एक दिवस त्याचा ताबा सुटतो. हातात क्रिकेटची बॅट येते.

पोराला म्हणालो, हा आपला बॅटमॅन. तो परत हसला. पण मी चेष्टा करत नव्हतो.

संदीप कुलकर्णीचं काम काय आहे, बघाच एकदा. त्याच्या आदल्या वर्षी 'श्वास'मध्ये तो डॉक्टर होता, शांत, समजूतदार, दुसऱ्याचं दुःख ऐकून घेणारा. इथं त्याने तोच शांतपणा घेतलाय आणि आतून त्याला आग लावलीय. माधव आपटे फुटतो तेव्हासुद्धा तो हिरोसारखा उभा राहत नाही. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, कारकुनाची मान. मारताना त्याच्या तोंडावर मजा दिसत नाही, दमणूक दिसते. तो नियम मोडतोय, आणि नियम मोडतोय याचाच त्याला त्रास होतोय. हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर ठेवणं, हे काम लेजरच्या कामापेक्षा कमी आहे असं मला वाटत नाही. फक्त त्याला रंग नव्हता, म्हणून जगाच्या डोळ्यात भरलं नाही.

त्याच्या मागावर असलेला इन्स्पेक्टर संदेश जाधवने केलाय. तोही बघा. आपटेला पकडणं हे त्याचं काम आहे, आणि जसजसा तो जवळ जातो तसतसं त्याला कळत जातं की हा माणूस चुकीचा बोलत नाही. गोष्टीचा शेवट पुन्हा लोकलमध्येच होतो. पाहिला नसेल त्यांच्यासाठी जास्त सांगत नाही.

'डोंबिवली फास्ट'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं तमिळमध्ये तो आर. माधवनला घेऊन पुन्हा बनला. त्या वेळी बऱ्याच जणांनी त्याची तुलना १९९३ च्या 'फॉलिंग डाउन' या अमेरिकी सिनेमाशी केली, आणि ती चुकीची नाही. पण त्या सिनेमातला नायक एकदाच ट्रॅफिकमध्ये अडकतो. आपला आपटे रोज अडकतो. फरक तिथं आहे.

मधल्या काळात मराठीत खराखुरा मुखवटेवालासुद्धा येऊन गेला. २०१५ च्या फेब्रुवारीत निखिल महाजनचा 'बाजी' आला. श्रेयस तळपदे नायक, जितेंद्र जोशी खलनायक, सोबत अमृता खानविलकर. मराठीत सुपरहिरो उभा करायची हिंमत केली, म्हणून मी त्याला मान देतो. जितेंद्र जोशीने त्यात जो मार्तंड रंगवलाय, तो डोळ्यांनी खाणारा माणूस आहे. पण सिनेमा थोडा दंतकथेत रमला. आपल्या गल्लीत आला नाही.

गल्लीत आला तो २०१८ साली. हिंदीत. 'भावेश जोशी सुपरहिरो'.

विक्रमादित्य मोटवानेचा सिनेमा. 'उडान' आणि 'लुटेरा' करणारा तोच. १ जून २०१८ ला लागला आणि बघता बघता उतरला. त्याच दिवशी 'वीरे दी वेडिंग' लागला होता, गर्दी तिकडं गेली. मी थिएटरात पाहिला नाही, खोटं कशाला बोलू. मोबाईलवर पाहिला, पाण्याची वाट बघता बघता. आणि अर्ध्या तासात पाठ ताठ झाली, कारण सिनेमाचा खलनायक पाणी होता. म्हणजे पाणी नव्हे. पाण्याचा व्हॉल्व्ह.

गोष्ट अशी. २०११ सालचं भ्रष्टाचारविरोधी आंदोलन. त्या गर्दीतली मुंबईची तीन कॉलेजची पोरं. ती किराणा दुकानातली कागदी पिशवी डोक्यात घालतात, डोळ्यांना दोन भोकं पाडतात आणि शहरातले छोटे छोटे अन्याय मोबाईलवर दाखवायला लागतात. नाव इन्साफ. काही वर्षं जातात. आंदोलन विरतं. त्यातला सिकू नोकरीला लागतो, अमेरिकेला निघतो, आणि पासपोर्टच्या कामासाठी पैसे चारतो. भावेश मात्र तिथंच आहे. त्याला कळतं की मोठ्या पाईपलाईनचं पाणी मध्येच वळवलं जातंय, वस्त्या कोरड्या राहतात आणि तेच पाणी टँकरने विकलं जातंय. तो विचारायला जातो.

सिनेमा जुना झालाय म्हणून सांगतो. ज्याचं नाव सिनेमाला आहे तो भावेश मध्यावरच मारला जातो. आणि ज्याने पैसे चारले होते, त्या सिकूला त्याची कागदी पिशवी डोक्यात घालावी लागते.

अशी गोष्ट मी दुसऱ्या कुठल्याही सुपरहिरोच्या सिनेमात पाहिली नाही. बॅटमॅन आई-बापाच्या खुनाने घडतो. त्यात त्याचा दोष काहीच नाही. सिकू स्वतःच्या लाजेने घडतो.

तीन जणांचं काम सांगतो.

पहिला प्रियांशू पेन्युली, म्हणजे भावेश. हा नट तेव्हा कोणाला माहीत नव्हता. त्याने भावेशला गोड केला नाही, ही त्याची हुशारी. भावेश बडबड्या आहे, चिवट आहे, दारू प्यायलावर उपदेश करतो, प्रत्येक गोष्टीत तत्त्व काढतो. असा मित्र आपल्या प्रत्येकाला असतो, आणि त्याचा फोन आला की आपण थोडा वेळ वाजू देतो. बघताना मलासुद्धा त्याचा वैताग आला. मग तो मेला, आणि वैतागाची जागा दुसऱ्याच गोष्टीने घेतली. प्रेक्षकाला आधी कंटाळा आणायचा आणि मग त्या कंटाळ्याची शरम वाटायला लावायची, हे फार थोड्या नटांना जमतं.

दुसरा हर्षवर्धन कपूर. त्याला लोकांनी बरीच नावं ठेवली. चेहरा हलत नाही म्हणे. मला वाटतं सिकूचा चेहरा हलायला नकोच. हा भूमिका न घेणारा माणूस आहे. कॉम्प्युटरपुढं बसणारा, भांडण टाळणारा. तो मुखवटा घालतो तेव्हा त्याला मारता येत नाही, मार खाता येतो. सिनेमात तो जितका मारतो त्याहून जास्त मार खातो, धापा टाकतो, पडतो. त्याच्या मोटारसायकलचा जो लांब पाठलाग आहे, त्यात थरार आहे, पण रुबाब नाही. जीव वाचवायची धडपड आहे. घाबरलेला सुपरहिरो दाखवायला नटाने आपला रुबाब बाजूला ठेवावा लागतो. मोठ्या घरच्या पोराने तो ठेवला, हे मला आवडलं.

आणि तिसरा.

पाण्याच्या या सगळ्या धंद्यावर जो बसलाय, त्या राणाचं काम केलंय निशिकांत कामतने. होय, तोच. 'डोंबिवली फास्ट'चा दिग्दर्शक. ज्याने २००५ साली सामान्य माणसाच्या हातात बॅट दिली, तोच १३ वर्षांनी सामान्य माणसाचं पाणी तोडणारा म्हणून समोर बसलाय. माधव आपटे ज्याला शोधत होता आणि जो त्याला कधी सापडला नाही, तोच हा माणूस, असं मला वाटलं. तो जोकरसारखा रंग फासत नाही. अंगावर शहारा आणणारं हसत नाही. तो शेजारच्या वॉर्डातला वाटतो. लग्नाच्या पंगतीत भेटेल, विचारपूस करेल, पाठीवर हात ठेवेल. भीती त्याची वाटते.

कामत १७ ऑगस्ट २०२० ला हैदराबादला गेले. त्यांच्या जाण्याने हललेल्या मित्रांनी पुढं 'गोदावरी' हा सिनेमा केला आणि तो त्यांना अर्पण केला. दिग्दर्शक निखिल महाजन, नायक जितेंद्र जोशी. म्हणजे 'बाजी'चीच जोडी. त्यासाठी २०२१ च्या इफ्फीत जितेंद्र जोशीला उत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य मयूर मिळालं, महाजनला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुपरहिरो करायला निघालेली माणसं शेवटी नदीकाठच्या एका रागावलेल्या साध्या माणसापाशी येऊन पोचली. आणि नदी कुठली? जिचं पाणी जायकवाडीतून आपल्या नळाला यायचं असतं तीच.

आता आपल्या शहरावर येतो, कारण पोराला खरं ते सांगायचं होतं.

आपल्या शहराचा पहिला मोठा माणूस कोण? मलिक अंबर. हबशी मुलूखात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, एकदा नाही, अनेकदा. तो निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने १६१० च्या सुमारास खडकी वसवली, म्हणजे आजचं शहर. आणि वस्तीबरोबर पाण्याचा विचार केला. डोंगराकडून जमिनीखालून नहर आणली. पंप नाही, वीज नाही, फक्त उताराचा हिशेब. पाणचक्कीवर बाहेरगावचे लोक जातात, फोटो काढतात. तिथलं पाणीही असंच मैलोगणती लांबून नहरीने आणलेलं. आपल्याकडं खऱ्या सुपरहिरोची गोष्ट आहे ती ही. त्याची शक्ती होती उतार.

पुढं १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केलं. नाथसागर भरतो तेव्हा त्यात १०० टीएमसीहून जास्त पाणी असतं. आणि त्या समुद्राएवढ्या पाण्यापासून दीड तासाच्या अंतरावर आपण ड्रम लावून बसतो. 'समांतर' हा शब्द दुसऱ्या गावात भूमितीच्या तासाला येतो, आपल्याकडं भांडणात येतो. ती समांतर जलवाहिनी, तो २०१६ साली रद्द झालेला करार, मग १६८० कोटींची नवी योजना, तिचा २०२० च्या डिसेंबरात फुटलेला नारळ, मग वाढलेला खर्च, यावर आपण खूप बोललोय. आज ते नको.

आज २०१९ चं बोलायचंय.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. बोअर आटले होते. आमच्या मुकुंदवाडी स्टेशनवर नऊ-दहा वर्षांची पोरं हंडे, घागरी, कॅन घेऊन उभी राहायची. पॅसेंजर आली की गर्दीत घुसायची, मोठ्या स्टेशनला उतरायची, तिथं पाणी भरायची आणि परतीच्या गाडीने भरलेली भांडी घेऊन यायची. गाडीला उशीर झाला की अंधार पडायचा. डब्यात कोणी भांडं उचलू लागायचं, कोणी दारात घागर ठेवली म्हणून ओरडायचं. ही बातमी पुढं परदेशी वृत्तसंस्थेने दिली आणि जगभर गेली. लोकांनी मुकुंदवाडी नकाशावर शोधली.

मी त्या पोरांना बातमीच्या आधी पाहिलं होतं. माझी गाडी फाटकाजवळ थांबली होती. मी पाहिलं, चुकचुकलो आणि ड्युटीवर गेलो.

आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक गोष्ट झाली. ती मी आजपर्यंत कुठं लिहिली नाही.

गल्लीच्या शेवटच्या घरांना पाणी पोचत नव्हतं. माझा एक मित्र तिथं भाड्याने राहायचा. नाव लिहीत नाही. त्याने एक वही केली. पाणी किती वाजता सुटलं, किती मिनिटं राहिलं, कोणत्या घरांना टिल्लू मोटार लागली, व्हॉल्व्ह कधी फिरला, टँकर कोणत्या वेळी कुठं भरला, सगळं तारखेसह. दोन महिने तो हे लिहीत होता. मग त्याने अर्ज केला आणि सह्यांसाठी दारोदार फिरला. मी सही केली. आणखी १४ जणांनी केली.

चार दिवसांनी एक माणूस मला भेटला. धमकी वगैरे काही नाही, चहा प्यायला. म्हणाला, "तुमचं कुटुंब चांगलं आहे, तुम्ही कशाला यात? तुमच्या बाजूची लाईन आपण बघून घेऊ." पुढच्या नंबराला आमच्या नळाला अर्धा तास जास्त पाणी आलं. ड्रम भरून वर टाकी भरली. बायकोने विचारलं, आज कसं काय? मी म्हणालो, प्रेशर चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी मित्राकडं जाऊन माझं नाव काढायला सांगितलं. तो काही बोलला नाही. वही उघडली, यादीवर रेघ मारली आणि म्हणाला, "चालतंय." शेवटी त्या कागदावर तीन सह्या उरल्या. त्याचा अर्ज कुठं गेला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. गल्लीत त्याला लोक 'वहीवाला' म्हणायला लागले. आधी कौतुकाने, मग चेष्टेने. पुढच्या वर्षी तो पुण्याला गेला.

त्याला कोणी मारलं नाही. पण त्याला एकटं पाडायला फार माणसं लागली नाहीत. त्यातला एक मी होतो.

'भावेश जोशी' मी पहिल्यांदा पाहिला तो यानंतर. म्हणून सांगतो, त्या सिनेमातला पासपोर्टचा प्रसंग मला नीट बघवत नाही. सिकू पैसे देतो तेव्हा तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त आपलं काम पुढं सरकवायचंय. सगळा अंधार तिथून सुरू होतो.

सिनेमात उणिवा आहेत. दुसऱ्या अर्ध्यात तो रेंगाळतो. सिकू आणि त्याच्या मैत्रिणीची गोष्ट अर्धवट राहते. पाण्याचा घोटाळा नेमका कसा चालतो, ते आणखी दाखवायला हवं होतं. त्याबाबतीत मुकुंदवाडीची कुठलीही बाई दिग्दर्शकापेक्षा जास्त सांगेल. पण एक गोष्ट त्याने बरोबर पकडली. 'डोंबिवली फास्ट' असो की हा, दोन्ही सिनेमांत हिरो जन्माला येतो कारण रांगेतले बाकीचे लोक गप्प बसले. आपटेच्या डब्यातल्या कोणी एकाने जरी म्हटलं असतं की हा बरोबर बोलतोय, तर त्याला बॅट लागली नसती. भावेशबरोबर २० जण त्या पाईपलाईनपाशी गेले असते, तर सिकूला मुखवटा लागला नसता. म्हणून मला हे सिनेमे बॅटमॅनपेक्षा जवळचे वाटतात. बॅटमॅन बघून आपल्याला वाटतं, असा कोणीतरी यावा. हे बघून वाटतं, आपण कुठं होतो?

आणि हे वाटायला लावतात ते नट. संदीप कुलकर्णीची थकलेली मान, प्रियांशूची न थांबणारी बडबड, हर्षवर्धनची धाप, कामतचा पाठीवर ठेवलेला हात. पोशाख आणि गाड्या विसरून जातील लोक. ही माणसं विसरत नाहीत, कारण ती आपण पाहिलेली असतात.

तर परवा रात्री हे सगळं पोराला सांगितलं. वहीवाल्याची गोष्टसुद्धा. पहिल्यांदाच. तो बराच वेळ ड्रमकडं बघत होता. मग विचारलं, "ते काका आता कुठं असतात?" मी सांगितलं, पुण्यात. "तुम्ही बोलता का त्यांच्याशी?" मी म्हणालो, वाढदिवसाला मेसेज करतो.

पाणी अडीचला आलं. पाऊण तास राहिलं. गल्लीच्या शेवटच्या घरांना करंगळीएवढी धार होती, मी जाऊन बघितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेलो. पोरगं बरोबर होतं. त्याने मोबाईलमध्ये वेळ लिहून घेतली. मी सांगितलं नव्हतं.

तो मित्र माझ्या यादीत अजून आहे. तो ही पोस्ट वाचेल. त्याला इतकंच सांगायचंय, तुझ्या वहीतलं सगळं खरं होतं, आणि मी नाव काढलं ते भीतीने नाही, अर्ध्या तासाच्या पाण्यासाठी काढलं.

नवा अर्ज लिहिलाय. रविवारी सकाळी दहा ते एक माझ्या घरी ठेवलेला असेल. गल्लीतल्यांना घर माहीत आहे. पहिली सही केलीय, आणि ती खोडायची नाही असं घरात सगळ्यांसमोर बोललोय.

बाकीच्यांनी सिनेमे बघा. आधी 'डोंबिवली फास्ट', मग 'भावेश जोशी'. आणि तुमच्याकडं पाणी कितव्या दिवशी येतं, किती वाजता येतं, किती वेळ राहतं, ते गल्लीच्या नावासह खाली लिहा. अंदाजे नको. घड्याळ बघून लिहा.